अडतीस फ्रेम

शिकवणीचे पैसे पुन्हा मोजले:
अठरा हजार चारशे.
सातवीतल्या तीन पोरांना अपूर्णांक शिकवून
हाती आलेली पूर्ण संख्या.

सीताबर्डी, दुसरा मजला. उमरेडकर
साडीवाल्यासारखे डबे उघडत जातात.
"हे कार्ड पाह्य. पण हे घेशीन
तर तुहा पावर सप्लाय पुरत नाही.
पावर सप्लाय बदलशीन तर प्रोसेसर मागं राहते,
प्रोसेसर बदलशीन तर बोर्ड चालत नाही,
अन् बोर्डही बदललं तर ताई,
जुनं काय राह्यलं मंग? कॅबिनेटचा पत्रा."
ते हसले नाहीत. मीही नाही.
कार्डाच्या डब्यावर हात ठेवून
मी जरा वेळ नुसती उभी राहिले.

रोज रात्री अकराला रेहान मस्कतहून येतो.
जाफरनगरात आम्ही एका सायकलवर दोघं असायचो,
आता एका नकाशावर असतो.
पुलापर्यंत मी नीट धावते: अडतीस फ्रेम.
मग गोळीबार. बावीस. अकरा.
मग माझा एक पाय हवेत, आणि चित्र थिजलेलं.
चित्र हलतं तेव्हा मी मेलेली असते.
"काऊन बे, झोपली का?"

बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त.
तेहतीस वर्षं लेथचा आवाज ऐकलेला कान
कुलरसमोरच्या खाटेवरून म्हणाला,
"तुहं मशीन धापा टाकून राह्यलं."
उठले. कॅबिनेटच्या मागे तळवा धरला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
"पाना कुठं आहे?"

आत धुळीची लोकर.
कुलरच्या ताट्यांचं गवत, काडी काडी.
पंख्याच्या पात्यांवर पाण्याचा पांढरा क्षार,
आणि प्रोसेसरवरची पेस्ट
सुटलेल्या चुन्यासारखी भुगा झालेली.
दर मे महिन्यात आम्ही गार झोपलो
आणि कुलरनं उडवलेलं सगळं
हे बिचारं गिळत बसलं.

दाढीचा जुना ब्रश. सायकलचा पंप.
नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी.
"एवढुशीच?" बाबांना ते काही पटलं नाही.

शेवटी घेतलं ते एवढंच:
पेस्टची नळी,
दहा मीटर वायर, स्वयंपाकघरातून,
आईच्या तिखटमिठाच्या फळीवरून नेलेली
(आई दोन दिवस बोलली नाही),
आणि आठ जीबीची आणखी एक पट्टी,
कारण पहिली एकटीच ओझं वाहत होती
आणि ते मला लगेच ओळखू येतं.
दोन हजार पाचशे तीस.
उरलेले डब्यात. कार्डाचं नाव
वहीच्या मागच्या पानावर, खोडलेलं नाही.

बाहेर पंचेचाळीस. आत अठ्ठ्याण्णवचे एक्क्याऐंशी.
फ्रेम एकसष्ट.
पूल मी पाण्यासारखा ओलांडला.
पलीकडे पोचून वळून पाहिलं तर
रेहान भिंतीला तोंड लावून
जागच्या जागी चालत होता.
त्याचा पिंग एकशे चाळीस.
मध्ये अख्खा समुद्र आहे,
त्याचा डबा उमरेडकर ठेवत नाहीत.

मी परत फिरले.
त्याच्याभोवती धूर सोडला,
आणि गुडघ्यावर बसून राहिले, बंदूक बाहेरच्या बाजूला.

"आलो का मी?" त्यानं विचारलं.

"येऊन राह्यला," मी म्हटलं. "ये."