घाऊक भाव

वर्षाला नऊ हजार भरून
रांगेतून सुटका घेतली.
महिन्याला चार खेपा, बॅगेत टॉवेलची सॅम्पलं.
खेपेला अठरा मिनिटं वाचतात,
मिनिट दहा रुपयाला पडतं. घाऊक भाव, परवडला.

वाचलेली मिनिटं मी
मुंबईत गेटसमोर बसून
विमानाची वाट बघण्यात घालवतो.

होटगी रोडला काल पुढे एकट्या नरसम्मा कुरापाटी.
पहिलंच विमान, लेकीकडे.
शेंगाचटणीचा डबा ट्रेत ठेवू का हातात,
जवानाला तीनदा विचारून झालेलं.
माझा हात सवयीनं कार्डाकडे गेला.

"तुमी जावा की फुडं."
"राहू द्या, मावशी."

डबा उघडावा लागला.
लसणाचा वास पट्ट्यावरून सरकत
आमच्या आधी पलीकडे पोचला.

नूतनीकरणाचा मेसेज आलाय.
बघू.