आस्कंद

पहाटे सहाला कॅसिनोतून सुटते,
रायबंदरच्या धक्क्यावर चोडणची फेरीबोट धरते.
रात्रभर वाटलेले पत्ते
बोटांत अजून फडफडत असतात.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
सुकांतीबायनं माझे डोळे पाहिले
आणि पुडी बांधली.
आस्कंद. चमचाभर, दुधातून.
वास घोड्याचा, नाक धरून पी.

आठवड्यात झोप आली.
खोटं कशाला सांगू, खरंच आली,
भर दुपारी, शेजारच्या मिक्सरसकट,
ओहोटीला गाळात बसलेल्या होडीसारखी.
मॅनेजर ओरडायचा,
मला त्याचे फक्त ओठ हलताना दिसायचे.

तिसऱ्या महिन्यात एक गिऱ्हाईक
शेवटच्या चिपा पुढं सरकवत म्हणाला,
"ह्या बायकोच्या पाटलीच्या."
हरला.
मी चिपा ओढून घेतल्या, रंगांप्रमाणे लावल्या.
आत काही हललं नाही.
फेरीबोटीत बसल्यावर भीती वाटली ती त्याचीच,
म्हणजे वाटायला हवी होती.

डॉक्टर मिनेझिसनी रिपोर्ट पाहिला.
थायरॉइडच्या गोळीशिवाय आणखी काय घेतेस?
"काही नाही. झाडाचं मूळ."
"मूळ म्हणजे काही नाही?"
लिव्हरच्या आकड्याखाली त्यांनी
एक रेघ ओढली. मग तिच्यावरच दुसरी.

डबी फडताळात आहे अजून,
मिठाच्या बरणीमागं.
टाकवत नाही.
त्या झोपेचं ऋण आहे माझ्यावर.

आज दुपारी पुन्हा टक्क जागी.
छातीत टापा.
शेजारी खोबरं वाटतायत.
पाटली कशी असेल, गोठ असेल की तोडे,
उगाच विचार करत पडले.