हयातीचा दाखला

नोव्हेंबरात आमच्या शाखेत म्हातारी माणसं
आपण जिवंत आहोत हे सांगायला येतात.
कुणी सुनेचा हात धरून, कुणी एकटं,
पिशवीत पासबुक, पाण्याची बाटली.
मी काउंटर चारवर. काचेवर अंगठा ठेवा म्हणतो.
हिरवा दिवा लागला की
माणूस आणखी एक वर्ष आहे.

चांगुणा हरेश्वर ठाणेकर, चेंदणी कोळीवाडा,
यांचा दिवा लागेना.
उजवा अंगठा, डावा, मग तर्जनी,
ओल्या फडक्यानं पुसून, पदरानं पुसून, पुन्हा.
यंत्र म्हणे, जुळत नाही.
"माजा आंगठा मासलीनं खाल्ला, बाला,"
त्या म्हणाल्या, रागानं नाही,
कोळंबीचा भाव सांगावा तशा.
पन्नास वर्षं सोलता सोलता, खवले काढता काढता
बोटांच्या रेघा बाजारातच राहिल्या होत्या.

मी कागदाचा जुना फॉर्म काढला.
फाईल उघडली. पतीचे नाव. नौदल. बॉयलर विभाग.
मृत्यू दिनांक : डिसेंबर १९७१,
आणि पुढे कुण्या कारकुनाच्या तिरप्या अक्षरात
"बेपत्ता. मृत समजावे."

समजावे.

मी काही विचारलं नव्हतं.

"चैतात एक पोरगा आला, आंध्राकडचा.
शिग्रेटच्या पाकिटावं पत्ता.
एका कानानं आयकायला येत नव्हतं.
चा घेतला नाय, बसला नाय, उंबऱ्यात उभा.
म्हने, भाभी, तो शिडीवं होता, वर पोचला होता.
खाली दोघं र्‍हायली होती, नवी भरती.
तो परत उतरला.
दोघांतला येक मी, म्हने."

"मी त्याला बोलले, तो उतरनारच.
ओहोटीला होडी गाळात रुतली की
बाकीचे बिड्या काढायचे,
ह्यो लंगोट आवळून खाली.
तिकडं पन गाळच वाटला असल त्याला."

मागे टोकन एक्केचाळीस कुरकुरलं.

लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या
त्यांनी समुद्राला दिल्या होत्या, नवरा सांभाळ म्हणून.
डाव्या हातातल्या फोडायला बायका जमल्या तेव्हा
सासू दारात आडवी झाली :
दर्यानं पावती दिली का? मग फोडू नका.
पावती आली नाही.
डाव्या हातात अजून चार आहेत, हिरव्या,
एक तडकलेली, दोऱ्यानं बांधलेली.

"पदक दिलं होतं ना?" मी विचारून बसलो.
"तांदलाच्या डब्यात हाय.
चोर डब्यात हात घालत नाय."

शाईचा ठसा घेतला.
कागदावर एक निळा गोल,
आत एकही रेघ नाही.
खाली मी लिहिलं :
प्रमाणित करतो की सदर व्यक्ती
आज माझ्यासमोर हजर झाली व हयात आहे.
सही. हुद्दा. शिक्का जरा वाकडा पडला.
"झालं? हाय ना मी?"
"आहात."
त्यांनी पिशवी उचलली, आणि मासळीबाजाराकडे निघाल्या,
दुपारचा वाटा विकायचा होता.

माझं गाव परभणीकडचं. जहाज मी
कॅलेंडरवर पाहिलेलं.
संध्याकाळी कळव्याच्या पुलावरून चालत निघालो,
रिक्षा मिळत होती तरी.
खाडी ओसरलेली, काळा गाळ चकाकत होता,
त्यात एक होडी तिरकी रुतून बसलेली, तिघं जण.
दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं.
तिसरा न बोलता उतरला.
गुडघ्यापर्यंत. मग मांडीपर्यंत.
खांदा लावला.
एवढ्या उंचावरून त्याचं तोंड दिसत नव्हतं.

होडी हलली, सुटली, पाण्याला लागली,
आणि तो तिथंच, गाळात.

मी कठडा धरला.

मग त्यानं एक पाय उपसला,
दुसरा उपसला,
आणि चढला.