सात फळ्या

नायटनच्या वर, जिथे वेल्स सुरू होतं की संपतं
यावर मेंढ्यांचंही एकमत नाही,
तिथे एम्रिस प्यूची आरागिरणी.
दर नोव्हेंबरात मी जायचे. वही, मोजपट्टी, पिवळं जाकीट.
लाकूड कुठून आलं, कुठे गेलं,
आवक-जावक जुळते का बघायचं,
आणि जुळली तर पाटीवरच्या छोट्या हिरव्या झाडाला
आणखी बारा महिने उभं राहू द्यायचं.

मापात पाप नव्हतंच कधी.
भुसासुद्धा लिहून ठेवायचा तो, पोत्यांनी.
एवढंच की या खेपेला फी भरली नाही.
“आऱ्याला पातं घेऊ की तुमचं झाड?” म्हणाला,
आणि चहात दूध जास्त घातलं, मला लागतं तसं.
मी रकाना भरला. प्रमाणपत्र: स्थगित.
पाटीवरचं झाड त्यानेच खरवडलं.
खाली जुना रंग निघाला, त्याच आकाराचा.

मार्चमध्ये त्याची आई गेली. ओल्वेन.
गिरणीमागच्या उतारावरचे लार्च तिने लावलेले,
एम्रिस पोटात असताना,
एका हातात बादलीभर रोपं, एका हातात कुदळ.
मी जायचे तेव्हा त्या उताराला हळद लागलेली असे.
असं एकदा बोलून गेले,
मग हळद म्हणजे काय, ते सांगत बसले.

तिला पुरायचं ठरलं गावाबाहेरच्या कुरणात.
तिथे दगड नाही, नाव नाही, नुसतं गवत.
अट एकच: पेटी प्रमाणित लाकडाची.
कागद दाखवा.

त्याने फोन केला. रागाने नाही.
“मिस चांडर,” (माझं आडनाव त्याला एवढंच झेपतं)
“सात फळ्यांपुरता काही मार्ग?”
मी नियमावली उघडली.
ती मला पाठ आहे, तरी उघडली.

लॅटव्हियाहून फळ्या आल्या. गुळगुळीत,
प्रत्येकीच्या पाठीवर हिरवं झाड.
कुणी लावलं, तेव्हा कोण पोटात होतं,
ते शिक्क्यात मावत नाही.

मी गेले होते.
पेटी उतरली तेव्हा शिक्का आभाळाकडे.
त्याने मुद्दाम तसा ठेवला
की फळीच तशी बसली, कळलं नाही.
लोक माती लोटत होते.
त्याने कोटाच्या खिशातून मूठ काढली आणि सोडली:
भुसा. लार्चचा, तांबूस,
कुठल्याही पोत्यात न लिहिलेला.

मी वही आणली नव्हती.