उतारावर

पहिल्या दिवशी बेनोड्याच्या पुलापर्यंतही पोचलो नाही.
छाती म्हणत होती, चल अजून,
तीस वर्षं समोरचा वारा प्यायलेली छाती ती.
नडग्याच रडायला लागल्या.
हाडांना कुणी सांगितलंच नव्हतं
की आता जमिनीशी थेट बोलायचंय,
मधे ना ट्यूब, ना स्पोक, ना सीटखालची स्प्रिंग.

कठड्यावर गोमाजी दातण करत बसलेला.
"काऊन बे गुनवंत, कोन मांगं लागलं?"
कोनी नाही जी.
"मंग पयतं कायले? सायकल इकली का?"

विकली नाही.
संत्र्याच्या खोक्यांच्या शेडमध्ये टांगली आहे,
पुढचं चाक काढून.
चेनवर तेल आणि धूळ मिळून काळा गूळ झालाय.
आडव्या नळीला अर्धा नंबर चिकटलेला, सदतीसमधला तीन.

अकरा वर्षं मी एका माणसाचं मागचं चाक बघितलं.
अचलपूरचा रफीउल्ला.
त्याच्यापासून वीतभर मागे,
त्याने फोडलेल्या वाऱ्यात दडून
मोर्शीपासून वरूडपर्यंतचा सगळा मुलूख पार केला
आणि ते चाक सोडून काहीच पाहिलं नाही.
शेवटच्या दोनशे मीटरला बाहेर निघायचं.
दोनदा निघालो.
एकदा जिंकलो. बक्षीस प्रेशर कुकर.
तो अजून शिट्टी मारतो,
नलू म्हणते, तुमच्यापेक्षा त्याचा दम बरा.

मग दोन वर्षांमागे, सालबर्डीच्या उतारावर,
हात ब्रेकवरून निघेनात.
समोर काही नव्हतं. ट्रक नाही, ढोर नाही,
रस्ता कोरडा, ऊन कोवळं,
आणि मी सेहेचाळीस वर्षांचा माणूस
दोन्ही ब्रेक आवळून
पायी उतरावं तसा खाली आलो.
मागची पोरं शूं शूं करत निघून गेली.

घरी सांगितलं, कंबर.
क्लबात सांगितलं, कंबर.
आता गोमाजी विचारतो,
"कंबर दुखते म्हने, अन् पयतं कसा?"
त्याला उत्तर नाही. तोही दातण थुंकून गप्प बसतो.

जे अंतर बावीस मिनिटांचं होतं
ते आता सव्वा तासाचं आहे.
रस्ता लांबला.
त्यात इतकी बाभळी कधी आली, इतके मोट बंद पडलेल्या विहिरींचे कठडे,
काकडेंच्या मळ्यात मोटारीच्या खोलीवर खडूने लिहिलेला हिशोब,
मला वाचता येतो आता, पळता पळता.
कालव्यावरचं ते पिवळं कुत्रं,
सायकल दिसली की फर्लांगभर पिंडरीमागे लागायचं.
परवा त्याने एक डोळा उघडला,
मला पाहिलं,
परत झोपलं.

बाकी शिकतो आहे.
सकाळी चपला घालताना टाच कुरकुरते,
नखं काळी पडली दोन.
आठ किलोमीटर झाले परवा. बारा होतील पोळ्यापर्यंत, कदाचित.

एक खोड तेवढी जात नाही.
नाल्याच्या अलीकडे जरासा उतार लागतो
आणि पाय आपोआप थांबतात,
आता रस्ता नेईल, अशा भरवशाने.
रस्ता नेत नाही.
मी मधोमध उभा राहतो, दोन्ही मुठी आवळलेल्या,
बागेत ठिबकचं पाणी सुटल्याचा आवाज येतो,
कुणी पाहत नाही ना, हे बघतो,
मुठी उघडतो,
आणि उजवा पाय पुढे टाकतो.