चौऱ्याहत्तर टक्के

कुताइसीत नोव्हेंबरात सहालाच मिट्ट अंधार होतो
आणि दिवे लावले की कधीकधी जातात,
म्हणून ननुका येतानाच बॅटरीचा जड डबा घेऊन आली.
"ओतिया काका, मध्येच वीज गेली
तर हा धड जुनाही राहणार नाही, धड नवाही होणार नाही."
म्हटलं, पोरी, त्याला साठी उलटणं म्हणतात.
हसली नाही. तिचं लक्ष पडद्यावर.

त्या संगणकात माझे एकशे बारा पियानो आहेत.
कुणाच्या घरी, कितव्या मजल्यावर,
कोणती तार कुठल्या साली तुटली,
कोणत्या पट्ट्यांखाली उंदरानं संसार थाटला होता,
कुणी पैसे दिले
आणि कुणी नुसताच अक्रोडाचा मुरंबा.

जुनी प्रणाली आता कुणी सांभाळत नाही म्हणे.
कडी नसलेलं दार, ननुका म्हणाली.
"पण एकदम नव्यावर नेता येणार नाही.
मधे एक आवृत्ती आहे. आधी तिच्यावर,
मग तिथून पुढं. दोन फेऱ्या लागतील."

मी चहाचा पेला खाली ठेवला.
हे मला माहीत होतं.

तेवीस वर्षांचा होतो. त्स्खाल्तुबोच्या आरोग्यधामात
एक पियानो, वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेला,
सबंध अर्ध्या सुरानं उतरलेला.
मी किल्ली घातली आणि कान पिळले, एका दमात, वरपर्यंत.
तार तुटली ती भुवईखाली.
खूण अजून आहे.
उस्ताद अम्ब्रोसी रागावले नाहीत, रुमाल दिला, म्हणाले,
पहिल्या फेरीत नुसतं ओढून घ्यायचं, ओबडधोबड,
मग तीन आठवडे लाकडाला कळू द्यायचं
की आता इथं राहायचं आहे.
सूर लावायचा तो दुसऱ्या फेरीत.

बारा टक्के. एकोणतीस.
चौऱ्याहत्तरावर घोडं अडलं.
आयुष्यभर टक्केटोणपे खाल्लेला माणूस मी,
पण असे टक्के कधी गिळले नव्हते.
चहा झाला, दुसरा झाला,
ननुकानं तिच्या नोकरीची गोष्ट सांगितली, अर्धी,
आणि नेमकी तेव्हाच वीज गेली.

गल्ली काळी. डबा टिटवीसारखा ओरडत राहिला.
सगळ्या घरात उजेड एवढाच,
एक गोल, स्वतःभोवती फिरणारा,
आणि आम्ही दोघं त्याच्याकडे
आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसे बघत.
पंच्याहत्तर, ननुका कुजबुजली.
का कुजबुजली, कोण जाणे.

रात्री अकराला दोन्ही फेऱ्या संपल्या.
जुना उठताना चार सूर वाजवायचा,
तिसरा जरासा चढा. रोज सकाळी मला तो टोचायचा.
हा मुकाट उठला.

यादी उघडली.
आकडे होते, मजले होते.
नावांच्या जागी चौकटी, नुसत्या रिकाम्या चौकटी.
जुनी अक्षरं याला वाचता येत नाहीत, ननुका म्हणाली,
आणि तिचा चेहरा असा, जणू तीच विसरली.
म्हटलं, बस. मी सांगतो, तू लिही.

चौथा मजला, लिफ्ट नाही, मुरंबा: एतेरी.
डाव्या पायाखाली वर्तमानपत्राची घडी: गुराम,
गेला बिचारा, पियानो मात्र विकला नाही कुणी.
पाच वर्षांत तीनदा तुटलेली एकच तार: लामझिरा,
किंवा तिचा मुलगा, दोघंही आदळायचे.
अशा एकोणसत्तर ओळी भरल्या.

सत्तराव्या ओळीपाशी थांबलो.
दुसरा मजला. पैसे वेळेवर.
तारा सगळ्या ठीक. काहीच कधी तुटलं नाही.

कोण बरं हे?

ननुका बोटं कळांवर ठेवून थांबली होती.
म्हटलं, ती चौकट राहू दे तशीच.