आजचा कल

नार्विकच्या दुकानात तो पोरगा, एस्किल,
गुडघ्यांवर बसून आम्हाला दाखवतो
गाडीच्या पोटाखालचे चार पाय.
बटण दाबलं की खाली येतात,
जमीन चाचपतात, एकमेकांना विचारतात,
आणि तीन मिनिटांत, तो म्हणतो,
काठोकाठ कॉफी ठेवा, थेंब सांडणार नाही.

किंमत नव्वद हजार क्रोनर.
वजन एकाहत्तर किलो.
आमची गाडी साडेपाच मीटरची,
मागची काच चिकटपट्टीने धरलेली.
कोंबडीपेक्षा मसाला महाग, मी मनात म्हणते,
आणि उभ्या उभ्या हिशेब करते,
एवढं वजन चढवायचं तर उतरवायचं काय?
अर्धी पाण्याची टाकी, वाफलचं बिडाचं भांडं,
आर्नफिनचे गळ, लोकरीची पांघरुणं.
नाहीतर सरळ मला.
एकाहत्तर म्हणजे नेमकी मी, बुटांसकट.

आर्नफिन काही विचारत नाही.
दुकानाची फरशी आरशासारखी सपाट,
तरी तो टेबलाची कड धरून उभा आहे.

एकतीस वर्षं फेरीबोटीवर काढली त्याने,
कधी उलटी नाही, कधी चक्कर नाही.
निवृत्तीच्या दुसऱ्या हिवाळ्यात डावा कान बिघडला.
ऐकायचं काम तो अजून निम्मंशिम्मं करतो,
तोल सांभाळायचं काम त्याने सोडलं.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर तीन वळ्या काढल्या,
वळ्यांत पाणी, पाण्याने मेंदूला कळवायचं
कुठली बाजू वर, कुठली खाली.
म्हणजे पाणसळच की, मी म्हटलं.
हो, त्या म्हणाल्या, बुडबुडा भरकटलेली.

तेव्हापासून गाडी मी चालवते.
संध्याकाळी फ्योर्डच्या काठी जागा मिळाली
की पिवळ्या पाचरी चाकांपुढे सरकवते,
तीनशे क्रोनरची जोडी,
मग वर चढून इंजिन, वीतभर पुढे, ब्रेक.
आता?
तो आत पलंगावर डोळे मिटून पडलेला.
डावीकडे अजून, म्हणतो.
ओट्यावरचा बुडबुडा केव्हाच मधोमध आलेला असतो.
मी पुन्हा उतरते, पुन्हा पाचर, पुन्हा वीतभर.
आता?
अजून जरा. आपण बुडतोय.

मग सूप ताटलीच्या एकाच काठाला लागतं,
अंडं ठेवावं तिथून निघून सिंकपाशी जातं,
फ्रीज रात्रभर कण्हतो.
पण आर्नफिन टेबल सोडून
दोन्ही हातांनी पाव फाडतो.

शून्य बदलता येतं का, मी एस्किलला विचारते.
येतं ना, तो खूश होतो,
एकदा ठरवून द्या, यंत्र कायम लक्षात ठेवील.
कायम.
परवा डावीकडे तीन बोटं होता,
काल उजवीकडे एक,
दाब पडला, वादळ येणार असलं, की काही सांगता येत नाही.
हे त्याला समजावत बसले नाही,
त्याच्या शर्टाला अजून घडीच्या रेघा होत्या.

यंत्राला नावं ठेवायची नाहीत मला.
स्टाइगेनला पावसात शेजारी
एका जर्मन जोडप्याची बसएवढी गाडी
हत्तीसारखी फुसफुसत, एकेक पाय टेकत सरळ झाली.
आत दिवे लागले, बाईने केस पुसले.
मी कोपरापर्यंत चिखलात होते,
आणि हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.
माझे गुडघे सत्तरीचे होतील
तेव्हा पुन्हा येईन कदाचित, म्हटलं,
तोवर पत्रक द्या.

रात्री उजेडच असतो इथे.
पडद्याच्या फटीतून बुडबुडा दिसतो,
नळीच्या एका टोकाला जाऊन बसलेला.
आर्नफिन घोरतोय.
मी इंच इंच घसरत त्याच्या पाठीला लागते,
पाय लावून वर सरकते, पुन्हा घसरते.
तीनच्या सुमाराला तो न वळता म्हणतो,
आज अगदी सरळ लागलीय बघ.
हूं, मी म्हणते.

सकाळी पाचर चिखलात रुतलेली,
ओढून येत नाही, लाथेने हलत नाही.
मी दार उघडते, किल्ली फिरवते.
धर काहीतरी, त्याला ओरडून सांगते,
गाडी मागे घेतेय.